घरी कोण बघतं?

अडचण पेन्सिलपासून सुरू झाली. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला विजय चंद्रा, मेरी गांगुली आणि त्यांचे सहकारी हरियाणातल्या बल्लभगडच्या खेड्यांमध्ये म्हातारपणीच्या विस्मरणाची मोजदाद करायला निघाले, तेव्हा त्यांच्यापुढे अमेरिकेत तयार झालेली एक चाचणी होती. मार्शल फोल्स्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली बांधलेली, तीस गुणांची, पाचदहा मिनिटांत आटपणारी. आज तारीख काय, साल कोणतं, शंभरातून सात-सात वजा करत जा, कागदावर लिहिलंय ते वाचा आणि तसं करा, एक वाक्य लिहा, ही आकृती बघून काढा. जगभरचे डॉक्टर याच प्रश्नांवर विसंबून होते.

बल्लभगडच्या अभ्यासात पंचावन्नच्या पुढची ५,१२६ माणसं आली. त्यांतली ७३.३ टक्के निरक्षर होती. ज्या बाईने जन्मात पेन्सिल धरलेली नाही, तिच्यापुढे कागद सरकवून पंचकोन काढायला सांगितले तर कागद कोराच राहणार, आणि कोऱ्या कागदाला शून्य गुण. नातवंडांची लग्नं जुळवणारी, कोणाकडून किती येणं आहे हे तोंडपाठ असणारी, गाईगुरांचं सगळं बघणारी बाई त्या चाचणीत स्मृतिभ्रंशाची रुग्ण ठरली असती. उलटही घडलं असतं. जिचं खरोखरच सगळं हरवत चाललंय, तिलाही 'अडाणी आहे, म्हणून जमलं नाही' असं म्हणून सोडून दिलं गेलं असतं.

म्हणून त्या मंडळींनी प्रश्न बदलायला घेतले. हे काम वर्षानुवर्षं चाललं. तारखेइतकाच दिवसाच्या वेळेला मान मिळाला: आता सकाळ आहे, दुपार की संध्याकाळ? गाव कोणत्या पोस्टाखाली येतं? शंभरातून सात वजा करण्याऐवजी विसातून तीन. वाचून डोळे मिटायचे होते, तिथे 'माझ्या तोंडाकडे बघा आणि मी करतो तसं करा' असं सांगून विचारणाऱ्याने स्वतः डोळे मिटायचे. वाक्य लिहायच्या जागी आपल्या घराबद्दल एखादं वाक्य बोलायचं. इंग्रजी चाचणीत जीभ अडखळवणारं एक वाक्य मागून म्हणायचं असे, त्याच्या जागी आलं 'न यह, न वह'. १९९५ साली ही हिंदी चाचणी प्रसिद्ध झाली. तिच्या जोडीला घरच्यांना विचारायची आणखी एक यादी बनली, आणि माझ्या मते तीच जास्त मोलाची आहे. जेवल्यावर जेवलो हे विसरतात का? गावात वाट चुकतात का? होळी-दिवाळी कधी आली हे लक्षात राहतं का? घरातल्या लग्नकार्यात मत देतात का? एकाने सांगितलेला निरोप दुसऱ्याला नीट पोचवतात का? माणसाचं शहाणपण त्याच्या जगण्यात शोधायचं, शाळेत शोधायचं नाही, एवढा साधा विचार त्यामागे होता. पण हिंदी पट्ट्यातल्या निरक्षर म्हाताऱ्यांसाठी तो असा नेटाने अमलात आणणारे हे पहिले लोक.

या आजाराचा सगळा इतिहासच प्रश्न विचारण्याचा इतिहास आहे. २५ नोव्हेंबर १९०१ रोजी फ्रँकफर्टच्या मनोरुग्णालयात ऑगस्टे डेटर नावाची एकावन्न वर्षांची बाई आणली गेली. दुसऱ्या दिवशी तिथले डॉक्टर अलोइस अल्झायमर तिच्यासमोर बसले आणि विचारू लागले. नाव काय? ऑगस्टे. आडनाव? ऑगस्टे. नवऱ्याचं नाव? थोडं थांबून तिने तिथेही स्वतःचंच नाव सांगितलं. दुपारी ती मांस आणि फ्लॉवर खात होती. काय खातेस म्हणून विचारलं तर म्हणाली, पालक. अल्झायमर यांनी हे सगळं शब्दन् शब्द टिपून ठेवलं. ती ८ एप्रिल १९०६ला वारली. तिच्या मेंदूचे काप सूक्ष्मदर्शकाखाली पाहून अल्झायमर यांनी त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ट्यूबिंगेनच्या एका सभेत निष्कर्ष मांडले: पेशींबाहेर साठलेला वेगळाच पदार्थ आणि पेशींच्या आत गुंतलेले धागे. सभेत कोणी एक प्रश्नही विचारला नाही. १९१० साली मनोविकारतज्ज्ञ क्रेपेलिन यांनी आपल्या पाठ्यपुस्तकात या आजाराला अल्झायमर यांचं नाव दिलं. ऑगस्टेच्या नोंदींची मूळ फाइल मात्र थेट १९९५ साली फ्रँकफर्टमध्ये पुन्हा सापडली.

नाव मिळाल्याने एक नुकसानही झालं. ऑगस्टे पन्नाशीतली होती, म्हणून हा तरुण वयात होणारा दुर्मीळ आजार मानला गेला, आणि सत्तरीच्या पुढच्यांना होणारं तेच विस्मरण 'वय झालं' या सदरात पडून राहिलं. ही भिंत पाडायला अर्धं शतक लागलं. १९६०च्या दशकात इंग्लंडमधल्या न्यूकॅसल इथे ब्लेस्ड, टॉमलिन्सन आणि रॉथ यांनी वृद्धांच्या मेंदूंतही तेच बदल दाखवले. १९७६ साली रॉबर्ट कॅट्झमन यांनी एका संपादकीयात ठामपणे लिहिलं की दोन्ही एकच आहेत आणि हा मोठ्या संख्येने माणसं मारणारा आजार आहे. तिथून पुढे अमेरिकेत पैसा आला, संस्था आल्या, औषधांचा शोध सुरू झाला.

आपल्याकडे तेव्हा या प्रश्नाला जागाच नव्हती. स्वातंत्र्याच्या वेळी सरासरी आयुर्मान बत्तीस वर्षांच्या आसपास होतं. देवी, क्षय, हगवण, बाळंतपणातले मृत्यू यांच्याशी लढणाऱ्या आरोग्यखात्याने म्हाताऱ्यांच्या विसरण्याकडे कधी बघावं? पण १९९१च्या जनगणनेत साठीच्या पुढची माणसं साडेपाच कोटींच्या वर गेली होती. ती घराघरांत होती, माजघरात, ओसरीवर, आणि त्यांतल्या काहींचं काहीतरी बिनसत होतं. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण आधीपासून तयार होती, तिने सगळ्याचं उत्तर देऊन टाकलेलं होतं. म्हणीने दिलेलं उत्तर डॉक्टरांनीही मान्य केलं होतं, ही त्यातली दुःखाची बाजू.

१९९२ साली केरळातल्या त्रिशूर जिल्ह्यात कुन्नमकुळम इथे डॉ. जेकब रॉय यांनी 'अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया' सुरू केली. ते बालरोगतज्ज्ञ. त्यांच्या वडिलांना हा आजार झाला होता आणि त्यातून त्यांना कळलं की डॉक्टराच्या घरातसुद्धा या रुग्णाचं काय करायचं हे कोणालाही माहीत नसतं. पुढे या संस्थेच्या शाखा मुंबईसह बऱ्याच शहरांत निघाल्या.

बल्लभगडचे आकडे १९९८ साली प्रसिद्ध झाले तेव्हा जगभरातले तज्ज्ञ चकित झाले. पासष्टीच्या पुढच्यांत अल्झायमर फक्त १.०७ टक्के. नव्याने आजार होण्याचं प्रमाण २००१ साली आलं: दर हजार व्यक्तिवर्षांमागे ४.७. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियाच्या मोनोंगहेला खोऱ्यात, तशाच पद्धतीने मोजलं तर १७.५. जगात नोंदल्या गेलेल्या सर्वांत कमी प्रमाणांपैकी एक बल्लभगडचं होतं.

मग कारणं शोधायची झुंबड उडाली. आजाराचा धोका वाढवणारं एपीओई-४ हे जनुक तिथल्या लोकांत कमी होतं, हे संशोधकांनी स्वतः दाखवलं. जाड भाकरी, कमी चरबी, अंगमेहनत यांचीही नावं आली. आणि हळद! २००१ साली कॅलिफोर्नियात उंदरांवर केलेल्या प्रयोगात हळदीतल्या कर्क्युमिनने मेंदूतला अमायलॉइड या पदार्थाचा साठा कमी झाल्याचं दिसलं, आणि भारतीयांना आमटीमुळे अल्झायमर होत नाही ही समजूत पसरली. ती अजून गेलेली नाही. माणसांवरच्या चाचण्यांत कर्क्युमिनने रुग्णांना फायदा झालेला दिसला नाही. ज्या घरात आजी रात्री तीनला दार उघडून माहेरी निघते, त्या घरी जाऊन हळदीचं दूध सुचवणं हे क्रूर आहे असं मला वाटतं, कारण त्यात एक आरोप दडलेला असतो: तुम्ही काहीतरी कमी केलंत.

संशोधकांनी स्वतः सांगितलेली कारणं कमी आकर्षक आणि जास्त विचार करायला लावणारी होती. रुग्ण लवकर दगावत असतील, तर एखाद्या दिवशी मोजायला गेल्यावर ते कमीच सापडणार. आणि सून पाणी हातात देते, मुलगा हात धरून नेतो, व्यवहार दुसरे बघतात, अशा घरात वृद्धाची असमर्थता उघडी पडायला फार उशीर लागतो.

मुंबईतही मोजदाद झाली. सी. जे. वास, चार्ल्स पिंटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चाळिशीच्या पुढच्या २४,४८८ मुंबईकरांची तीन टप्प्यांत पाहणी केली. पासष्टीच्या पुढच्यांत स्मृतिभ्रंश २.४४ टक्के निघाला, त्यातला अल्झायमर १.५ टक्के. हा अभ्यास २००१ साली छापून आला. मराठी मुलखातल्या शहरी वृद्धांचं हे पहिलं मोठं चित्र. पण मोजून झाल्यावर पुढे काय, हे मुंबईच्या अभ्यासाचं काम नव्हतं.

ते काम एका वेगळ्या बैठकीतून निघालं. १९९८ साली अल्झायमर संस्थांची जागतिक परिषद कोचीला भरली. तिथे लंडनचे मार्टिन प्रिन्स आणि विकसनशील देशांतले संशोधक एकत्र बसले आणि १०/६६ नावाचा गट उभा राहिला. या आकड्यांमागचा हिशेब असा: स्मृतिभ्रंशाचे ६६ टक्के रुग्ण गरीब देशांत, आणि लोकसंख्येच्या पातळीवरचं संशोधन तिथे १० टक्क्यांहूनही कमी. या गटाने २००३ साली पंचवीस केंद्रांवर २,८८५ वृद्धांना तपासून निरक्षर-साक्षर सगळ्यांना चालेल अशी निदानपद्धत सिद्ध केली. बल्लभगडला पेन्सिलीपाशी अडलेला प्रश्न आता जगाच्या पातळीवर सुटत होता.

याच गटातले त्रिशूरचे के. एस. शाजी यांनी एक गोष्ट केली, ती मला फार हुशारीची वाटते. रुग्ण शोधायला त्यांनी डॉक्टर पाठवले नाहीत. अंगणवाडीच्या कार्यकर्त्यांना थोड्याच वेळाचं प्रशिक्षण देऊन सांगितलं की तुमच्या भागात असं वागणारे कोणी म्हातारे आहेत का ते आठवा. गावातलं प्रत्येक घर माहीत असलेल्या त्या बायकांनी जी नावं दिली, त्यांतल्या सुमारे दोन-तृतीयांश जणांना खरोखर स्मृतिभ्रंश निघाला. म्हणजे रुग्ण लपलेले नव्हतेच. त्यांच्याबद्दल विचारायला कोणी आलं नव्हतं.

आता गोव्याकडे येतो, कारण या इतिहासातला सर्वांत महत्त्वाचा भाग तिथे घडला.

मनोविकारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ साली गोव्यात 'संगाथ' ही संस्था काढली होती. पटेल आणि प्रिन्स यांनी गोव्यातल्या माणसांचे गट करून, त्यांना स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीची गोष्ट सांगून, असं कोणी पाहिलंय का आणि त्यांचं काय होतं, असं विचारलं. २००१ साली त्यांनी जे लिहिलं ते वाचताना आजही अस्वस्थ व्हायला होतं. लक्षणं सगळ्यांना माहीत होती. पण आजार म्हणून कोणी त्यांच्याकडे बघत नव्हतं. वयोमान, नाहीतर मुलांनी केलेली हेळसांड, प्रेमाची कमतरता. म्हणजे म्हातारी भ्रमिष्टासारखी वागली तर गाव सुनेकडे बोट दाखवणार. दुसरी गोष्ट आणखी कडू होती. आपल्याकडे कुटुंब म्हाताऱ्यांना सांभाळतंच, हे आपण सगळे गृहीत धरून चालतो. गोव्यातल्या लोकांनी सांगितलं की सांभाळ बऱ्याचदा घर-जमीन मिळण्याच्या अपेक्षेवर टांगलेला असतो. सरकारी सोय जवळपास काहीच नव्हती. आणि आपण परावलंबी होऊ ही भीती म्हाताऱ्यांच्या बोलण्यात सगळीकडे होती.

एकत्र कुटुंबाची बदनामी करण्यासाठी हे कोणी लिहिलं नव्हतं. माझ्या मते त्यातून सांभाळणाऱ्यांची बाजू पहिल्यांदा नीट दिसली. गावाने दोष द्यायचा, दवाखान्याने 'वय झालं' म्हणायचं, आणि रात्रंदिवस उठबस एकाच बाईने करायची. १०/६६च्या भारतीय केंद्रांनी २००४ साली सांभाळणाऱ्यांचीच पाहणी केली, तेव्हा त्यांत बायका मोठ्या संख्येने होत्या: सून, लेक, पत्नी. मनावरचा ताण मोठा होता आणि पैशाची ओढाताणही.

बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात प्रतिबंधक आणि सामाजिक वैद्यक विभागात काम करणारे अमित डायस यांनी पटेल, प्रिन्स, शाजी आणि इतरांबरोबर एक प्रयोग आखला. गोव्यातले दोन तालुके घेतले. प्रत्येक तालुक्यात दोन पूर्णवेळ गृहसेवा सल्लागार, जोडीला अर्धवेळ समुपदेशक आणि सरकारी सेवेतला अर्धवेळ मनोविकारतज्ज्ञ. सल्लागारांसाठी पात्रता अशी: स्थानिक भाषा यावी, शक्यतो बारावीपर्यंत शिक्षण असावं आणि म्हाताऱ्यांसाठी काम करायची आच असावी. नर्स नाही, डॉक्टर नाही. त्यांचं प्रशिक्षण आठवड्याभराचं.

हे सल्लागार पंधरा दिवसांतून निदान एकदा घरी जायचे, सहा महिने. घरी जाऊन करायचं काय? हा आजार आहे हे घरच्यांना समजावून सांगायचं. तोच प्रश्न पन्नासदा विचारला जातो, चोरी झाल्याचा आळ येतो, संध्याकाळी घालमेल वाढते, आंघोळीला विरोध होतो, तेव्हा कसं वागायचं याच्या युक्त्या त्या घराला जुळतील अशा शोधून द्यायच्या. जेवण, आंघोळ, शौच यांत हातभार कसा लावायचा ते दाखवायचं. रुग्ण फारच भडकलेला असेल तर मनोविकारतज्ज्ञाकडे न्यायचं. वृद्धांसाठीच्या सरकारी योजनांचे अर्ज भरून घ्यायचे. आणि एका घराची दुसऱ्या घराशी ओळख करून द्यायची, कारण शेजारच्या गावातल्या बाईलाही हेच होतंय हे कळल्यावर जो धीर येतो तो पत्रकातून येत नाही.

८१ कुटुंबांची चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटणी झाली. ४१ घरी सल्लागार गेले. ४० घरांना आजाराची माहिती दिली आणि सहा महिने थांबायला सांगितलं. त्यानंतर त्यांचीही पाळी होती.

निष्कर्ष २००८च्या जूनमध्ये 'प्लॉस वन' या नियतकालिकात आले. ज्यांच्याकडे सल्लागार गेले, त्या घरांतल्या सांभाळणाऱ्यांची मनःस्थिती नोंद घेण्याइतकी सुधारली, रुग्णाच्या वागण्याचा त्यांना होणारा त्रास कमी झाला. रुग्णाचं वागणं किंवा दैनंदिन क्षमता यांत झालेला बदल मात्र इतका स्पष्ट नव्हता की त्यावर दावा करावा, आणि त्यांनी तो केलाही नाही. हा प्रामाणिकपणा मला महत्त्वाचा वाटतो. रोग तिथेच होता, पण तो सोसण्याची ताकद वाढली होती, आणि ती वाढवायला लागलं काय? बारावी शिकलेलं, ऐकून घेणारं, दर पंधरवड्याला दारात येणारं एक माणूस.

त्याच निबंधात आणखी एक आकडा आहे, ज्याच्याविषयी कोणी फारसं बोलत नाही. ८१ रुग्णांपैकी १८ जण प्रयोग चालू असतानाच वारले. जवळजवळ दर साडेचारांत एक, अर्ध्या वर्षात. प्रयोगाआधीची वर्षं घरच्यांनी कशी काढली, याची नोंद कोणत्याच कागदावर नाही.

गोव्यातली ही वाट पुढेही चालू राहिली. साध्या, डॉक्टर नसलेल्या समुपदेशकांकरवी वृद्धांमधलं नैराश्य टाळता येतं का, याची चाचणी डायस आणि सहकाऱ्यांनी घेतली. १८१ वृद्ध त्यात होते. २०१९ साली आलेल्या निष्कर्षांत समुपदेशन मिळालेल्या गटात नैराश्य सुमारे ४ टक्क्यांना आलं, दुसऱ्या गटात १४ टक्क्यांना.

महाराष्ट्रात हा विषय घराघरांत नेण्याचं काम एका सिनेमाने केलं. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' २०१३ सालचा. त्यात डॉ. मोहन आगाशे संस्कृत पंडित चक्रपाणी शास्त्री झाले. आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ, पुण्याच्या बी. जे. मेडिकलमध्ये शिकवलेले, त्यामुळे त्या भूमिकेत रिकामी नजर आहे पण कुठेही नाटकी वेडेपणा नाही. लेक बाजारात थोडा वेळ त्यांना गाडीत बसवून जाते आणि शास्त्री एका हत्तीमागून चालू लागतात. पुढे त्यांना सांभाळते माहुताची बायको चन्नम्मा, ज्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. चन्नम्माला ना आजाराचं नाव माहीत, ना शास्त्रींचं पांडित्य. ती त्यांना लेकरासारखं भरवते. सिनेमात ती योगायोगाने भेटते. गोव्यातल्या त्या दोन तालुक्यांमध्ये तशी माणसं नेमून, शिकवून, पगार देऊन पाठवली होती.

हे सगळं वाचताना माझं मन सारखं झाशीकडे जातं. नेवाळकर सुभेदारांच्या काळापासून, म्हणजे अठराव्या शतकापासून, तिथे मराठी घरं आहेत. घरात मराठी, किल्ल्याखालच्या गल्ल्यांत बुंदेली, छावणीच्या सदर बाजारात हिंदी. पिढ्यान् पिढ्या दोन-तीन भाषांत जगलेली ही माणसं. हैदराबादला सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या आणि २०१३ साली दाखवलं की दोन भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची सुरुवात साडेचार वर्षं उशिरा झाली, निरक्षर असले तरी. सगळ्याच देशांतल्या अभ्यासांनी याला दुजोरा दिलेला नाही, म्हणून यावर फार इमले बांधू नयेत. पण झाशीसारख्या ठिकाणी त्यातून एक फार व्यावहारिक प्रश्न उभा राहतो. अशा घरातल्या आजीची स्मृती तपासायची ती कोणत्या भाषेत? लहानपणीची भाषा बऱ्याचदा सर्वांत शेवटी जाते. सदर बाजारातल्या दवाखान्यात डॉक्टर हिंदीतून विचारणार, ती गप्प बसणार, आणि घरी परतल्यावर मराठीत नातवाला मामाच्या गावचं सगळं सांगत बसणार. बल्लभगडला जे पेन्सिलीमुळे झालं असतं, ते इथे भाषेमुळे होईल. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अलीकडे स्मृती तपासण्यासाठी भारतीय भाषांतला जो प्रमाणित संच तयार करून घेतला, तो आधी हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या भाषांत आला. मराठी त्यात नव्हती. झाशीत १९६८पासून राणीच्या नावाचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. तिथपर्यंत पोचलेल्या मराठी म्हातारीशी मराठीत बोलणारं माणूस सोबत असावं, एवढी काळजी तरी घरच्यांना घेता येते. कारण तिच्या घरातलं खरं काय आहे हे त्यांनाच माहीत असतं, आणि बल्लभगडच्या त्या दुसऱ्या यादीने हेच तर दाखवलं होतं.

मधल्या काळात आकडे फार वाढले. २०२३ साली देशव्यापी पाहणीवरून जे प्रमाण काढलं गेलं, त्याप्रमाणे साठीच्या पुढच्यांत ७.४ टक्क्यांना, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसांना स्मृतिभ्रंश आहे. बायकांत पुरुषांपेक्षा जास्त, खेड्यांत शहरांपेक्षा जास्त. बल्लभगडचा एक टक्का कुठे आणि हा आकडा कुठे! वय, पद्धत, व्याख्या सगळंच वेगळं असल्यामुळे दोन्ही शेजारी ठेवून भागाकार करणं चुकीचं ठरेल. पण भारतात हा आजार विरळ आहे ही समजूत आता टिकत नाही.

औषधंही आली. १९९६ साली डोनेपेझिल, २००३ साली अमेरिकेत मेमँटिन. दोन्ही लक्षणांवर थोडा काळ काम करतात. २०२३ साली अमेरिकेत लेकॅनेमॅबला पूर्ण मान्यता मिळाली. ते मेंदूतला अमायलॉइडचा साठा कमी करतं, सुरुवातीच्या अवस्थेतल्या रुग्णाची घसरण काहीशी मंदावतं, आणि त्यासाठी शिरेतून ठरावीक काळाने औषध, वारंवार एमआरआय, मेंदूत सूज किंवा रक्तस्राव होतोय का यावर लक्ष, हे सगळं लागतं. या संशोधनाचं मोल मोठं आहे. ऑगस्टेच्या मेंदूत दिसलेल्या गोष्टीला हात घालणारं औषध शंभरहून जास्त वर्षांनी हाती आलं. ते आपल्या तालुक्याच्या ठिकाणी पोचायला किती काळ लागेल याचा अंदाज मी करत नाही.

बारावी शिकलेल्या सल्लागाराला मात्र तालुक्याला पोचायला एमआरआय लागत नाही. केरळने २०१४ साली 'स्मृतिपथम्' नावाची राज्य योजना सुरू केली, देशात पहिली. केंद्राचा वृद्ध आरोग्यसेवेचा कार्यक्रम २०१०पासून आहे. आशाताई गावोगाव आहेत, अंगणवाड्या आहेत, आणि त्या किती अचूक नावं देऊ शकतात हे त्रिशूरने दाखवून झालंय. गोव्याच्या प्रयोगातली माणसं, त्यांचं प्रशिक्षण, भेटींमधलं अंतर, सगळं छापलेलं आहे, कोणालाही फुकट वाचायला मिळतं. तरी महाराष्ट्रात, उत्तर प्रदेशात, किंबहुना गोव्यातही, स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाच्या घरी सरकारतर्फे दर पंधरवड्याला कोणी जावं, ही गोष्ट सर्वत्र रुळलेली व्यवस्था झाली नाही. अंगणवाडी आणि आशा यांच्यावर आधीच कामाचा डोंगर आहे. त्यांच्या डोक्यावर आणखी एक रजिस्टर ठेवून हे होणार नाही. त्यासाठी वेगळी माणसं आणि वेगळा पगार लागेल, जसा गोव्यात दिला होता.

त्या प्रयोगातल्या ४० घरांना थांबायला सांगितलं होतं, पण किती दिवस तेही सांगितलं होतं: सहा महिने. ८८ लाख माणसांच्या घरांना तारीख दिलेली नाही.